दरज : कोल्हापुरातल्या विटांच्या भिंती आणि त्यांची डागडुजी

२०२१ च्या जुलैत पंचगंगेचे पाणी ओसरले आणि आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर एकाखाली एक अशा गाळाच्या चार रेषा राहिल्या. पाणी चार टप्प्यांत उतरले होते, त्याची ती नोंद. घर नदीकडच्या पेठेतले, आजोबांच्या वडिलांनी बांधलेले : दगडी जोते, त्यावर विटांच्या भिंती, वर कौले. २०१९ च्या ऑगस्टमध्येही असेच पाणी सोप्यात आले होते. तेव्हा भिंत धुऊन, रंग देऊन आम्ही मोकळे झालो होतो. या वेळी ओल वाळेल म्हणून दिवाळीपर्यंत थांबलो. दिवाळीत गिलाव्याला फुगे आले आणि संक्रांतीच्या सुमारास हातभर रुंदीचा पापुद्रा सुटून गल्लीत पडला. उचलून पाहिला तर त्याची पाठ लाल होती. गिलावा एकटा सुटला नव्हता, तो विटेचे तोंड घेऊन सुटला होता.

त्यानंतर जे होते तेच झाले. सल्ले आले. एका अभियंत्याने भिंत पाडून आरसीसीचा सांगाडा उभा करा म्हणून सांगितले. दुसऱ्याने ओल अडवणारे रसायन सुचवले. तिसरे एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी खिशातल्या खिळ्याने दोन विटांमधली दरज उकरली, बोटावर आलेली भुकटी चोळून पाहिली आणि विचारले की या भिंतीला सिमेंट कोणी आणि कधी लावले? वडिलांनी, १९८५-८६ च्या सुमारास, मी म्हणालो. तोपर्यंत त्या घराला साठेक वर्षे झाली होती आणि भिंतीची कसलीही तक्रार नव्हती. गवंडीबुवांनी पुढे काही म्हटले नाही, पण त्यांच्या प्रश्नाने मला वाचायला बसवले. साठ वर्षे जी भिंत विनातक्रार उभी राहिली, ती मजबुतीसाठी लावलेल्या सिमेंटानंतर पस्तीस वर्षांत का खिरावी?

उत्तर शोधताना आधी कळले ते हे, की वीट हा या शहरात नवा पदार्थ नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले. त्याच्या थोडे आधी प्रा. कुंदनगार यांना तिथेच काशाच्या वस्तूंचा तो प्रसिद्ध साठा मिळाला होता. समुद्रदेव पोसायडनची मूर्ती त्यातलीच. टाऊन हॉलच्या संग्रहालयात गेलेला प्रत्येक कोल्हापूरकर तिच्यापुढे थांबतो, आणि रोमशी चाललेल्या व्यापाराची गोष्ट आपल्याला तिच्यामुळेच ठाऊक असते. पण उत्खननाने दाखवलेली दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पोसायडन ज्या वस्तीत आला ती सातवाहनकालीन वस्ती भाजक्या विटांच्या घरांची होती. नदीपासून हाकेच्या अंतरावर, काळ्या मातीवर, पावसाच्या माऱ्यात, आपल्याच गावातली माणसे दोन हजार वर्षांपूर्वी विटेची घरे बांधून राहत होती. त्या काळच्या दख्खनी विटा आजच्या नऊ इंची विटेच्या जवळपास दुप्पट लांबीच्या असत, आणि त्यांच्यामधला जोड बहुतेक ठिकाणी साध्या मातीचा.

पोसायडन ज्या जगातून आला त्या जगातही भिंतींचा विचार चाललेला होता. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस विट्रुव्हिअस या रोमन वास्तुविशारदाने लिहिलेल्या ग्रंथात एक मजेची तरतूद आहे. दोन घरांमधल्या सामाईक भिंतीची किंमत ठरवायची असेल, तर दगडगोट्यांच्या भिंतीच्या मूळ खर्चातून दर वर्षामागे ऐंशीवा भाग वजा करावा, कारण अशी भिंत ऐंशी वर्षांपेक्षा जास्त टिकत नाही असे पंच मानत. विटेच्या भिंतीतून मात्र काहीही वजा करायचे नाही. ती ओळंब्यात उभी आहे ना, एवढेच पाहायचे. असेल, तर बांधली त्या दिवसाची किंमत आजही पूर्ण. विट्रुव्हिअसची वीट बव्हंशी कच्ची, उन्हात वाळवलेली होती, हे ध्यानात घेतले तर त्याचा हा विश्वास आणखीच थक्क करतो. आमच्या अभियंत्याने ओळंबा खिशातून काढलाही नव्हता. गवंडीबुवांनी तो सोडला, आणि खाली तोंडे गेलेली ती भिंत वर अठरा फुटांपर्यंत सुतात निघाली.

पुढे कित्येक शतके आपल्याकडची मोठी बांधकामे दगडात झाली. अंबाबाईचे मंदिर काळ्या पाषाणाचे, पन्हाळ्याची तटबंदी दगडाची. विटेची परंपरा मधल्या काळात अगदी तुटली नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे त्रिविक्रम मंदिर विटेचे आहे, मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. तिथल्याच उत्तरेश्वर मंदिराच्या विटा इतक्या हलक्या की पाण्यावर तरंगतात. पण घराघरांत वीट परत आली ती मराठेशाहीतल्या वाड्यांबरोबर. शनिवारवाड्याचा तट खाली दगडी आणि वर विटांचा आहे. दगडी तट बांधण्याचा हक्क फक्त राजाचा, म्हणून शाहू महाराजांनी हरकत घेतली, अशी आख्यायिका त्याबद्दल सांगतात. आख्यायिका सोडली तरी दगडी जोते आणि वर वीट हा बेत देशावरच्या पेठापेठांतून दिसतो. जमिनीतून चढणारी ओल दगड जोत्याशी अडवतो आणि वीट वर कोरडी राहते, हे त्यामागचे साधे शहाणपण. कोल्हापुरातली जुनी घरे याच बेताची आहेत.

या भिंतींचे पोट आणि पाठ वेगवेगळी असते. आतल्या बाजूला विटा मातीत बसवलेल्या असतात, चुना तिथे कमीच. बाहेरच्या अंगाला मात्र दरजांमध्ये चुना भरलेला असतो. हा चुना ओढ्याकाठी, काळ्या मातीत मिळणाऱ्या चुनखडीचा. भट्टीत भाजून कळी काढायची, ती पाण्यात विरवायची, मग वाळू आणि विटेची भुकटी म्हणजे सुरखी घालून घाणीत मळायची. घाणी म्हणजे दगडी गोल चर आणि त्यात बैलाने फिरवलेले दगडी चाक. अनेक गडांवर ती अजून पडलेली दिसतात आणि लोक त्यावर बसून फोटो काढतात. चुन्यात गुळाचे पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालण्याची रीत होती. कोल्हापुरात गुळाला तोटा नव्हताच. ही रीत किती जुनी? वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मंदिरांच्या बांधणीसाठी वज्रलेपाचे पाठ दिले आहेत, त्यांतल्या द्रव्यांतही बेल आहे. सहाव्या शतकातला तो पाठ आणि आपल्या गवंड्यांची रीत एकच, असे मी म्हणत नाही. पण झाडाचा चीक आणि फळाचा गर भिंतीत जातो, ही समज इतकी जुनी आहे एवढे नक्की.

आता मुख्य मुद्दा. दरजेतला हा चुना विटेपेक्षा मऊ असतो, आणि तो मऊ असावा लागतो. पावसात भिंत पाणी पिते. पाऊस थांबला की ते पाणी बाहेर पडायला वाट शोधते. चुना सच्छिद्र, म्हणून पाणी विटेतून न जाता बहुतांशी दरजेतून हवेत जाते. पाण्याबरोबर मातीतले आणि विटेतले क्षारही येतात. पाणी उडून गेल्यावर त्यांचे स्फटिक होतात, आणि स्फटिक होताना ते फुगतात. हे फुगणे दरजेत झाले तर दरज भुगा होऊन गळते. म्हणजे जुन्या भिंतीची दरज गळत असेल तर ती आपले काम चोख करत असते. दहा-पंधरा वर्षांनी ती उकरून पुन्हा भरायची. वीट तशीच राहते.

या जागी सिमेंट भरा. सिमेंट विटेपेक्षा कडक आणि जवळपास बंद. पाण्याची वाट बंद झाली तरी पाणी थांबत नाही, ते विटेतून बाहेर पडू लागते. स्फटिक आता विटेत, तिच्या कातडीच्या आत अर्ध्या पाऊण इंचावर होतात आणि ती कातडी ढकलून देतात. वरून गिलावाही सिमेंटचा असेल तर हे सगळे झाकलेले राहते. वर्षानुवर्षे भिंत बाहेरून ठणठणीत दिसते आणि आत विटा खिरत असतात. आमच्या गल्लीत पडलेल्या पापुद्र्याच्या लाल पाठीचा अर्थ हाच होता. मराठीत फसवणुकीला ‘चुना लावणे’ म्हणतात. हा वाक्प्रचार कुणी रूढ केला कोण जाणे, आमच्या भिंतीपुरता तरी तो उलटा निघाला.

मग प्रश्न असा, की पिढ्यान्‌पिढ्या चुन्यात काम केलेल्या गावाने तो सोडला का? गवंड्यांचे अज्ञान, घरमालकांचा मूर्खपणा, अशी उत्तरे सोपी आहेत आणि मला ती पटत नाहीत. सिमेंटचा इतिहास पाहिला तर वेगळे दिसते. पोर्टलँड सिमेंटचे पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतले. चार्ल्स मँट कोल्हापुरात टाऊन हॉल (१८७२-७६) आणि नवा राजवाडा (१८७७-८४) उभारत होता त्या काळात इकडची बांधकामे चुन्यातच होत. नव्या राजवाड्याचे काम सुरू झाले त्याच १८७७ साली लंडनमध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुनी इमारत ‘नवी’ करून दाखवण्याच्या हौसेने तिचा जितका नाश होतो तितका काळाने होत नाही, वेळच्या वेळी केलेली लहानसहान देखभाल हीच खरी दुरुस्ती, हे त्याचे म्हणणे. तिकडे हा वाद रंगला त्याचे कारण जुन्या इमारती ‘नव्या’ करण्याची हीच हौस. इकडे तो वाद उद्भवलाच नव्हता. पोरबंदरचा कारखाना १९१४ साली सिमेंट काढू लागला. १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. तरीही घरबांधणीत सिमेंट पोचायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडावा लागला, आणि पोचले ते टंचाईचा माल म्हणूनच.

ज्यांनी सत्तरीच्या दशकात घर बांधले त्यांना विचारा. सिमेंटवर नियंत्रण होते, परमिट लागे, पोती मोजून मिळत, काळ्या बाजारात भाव वेगळा. सिमेंटच्या वाटपावरूनच उठलेल्या वादळात १९८२ च्या जानेवारीत बॅरिस्टर अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले, यावरून या पदार्थाचे त्या वेळचे मोल कळावे. त्याच वर्षी नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पुरते. म्हणजे आमच्या वडिलांनी भिंतीला सिमेंट लावले ते नेमके पोती दुकानात दिसू लागली तेव्हा. ज्या वस्तूसाठी लोकांनी अर्ज लिहिले, ओळखी काढल्या, ती दाराशी आल्यावर घराला लावायची नाही? ती चैन नव्हती, ती प्रतिष्ठा होती, आणि त्याहून जास्त म्हणजे ती सुटका होती. ‘एकदा सिमेंट मारून घेतले की पुन्हा बघायला नको’, हे वाक्य मी घरात लहानपणी ऐकलेले आहे.

पुन्हा बघायला नको. माझ्या मते सगळा बदल या तीन शब्दांत आहे. चुन्याची भिंत दरवर्षी बघावी लागे. पाऊस सरला, दसरा झाला की शिडी निघायची. सतत पाऊस असेल तर चुना नीट धरत नाही, हवा कोरडी हवी पण ऊन कडक नको, म्हणून काम दसरा ते दिवाळी याच दिवसांत व्हायचे. गळालेल्या दरजा भरायच्या, फुटका कोपरा लिंपायचा, आणि मग सगळ्यावर सफेदी. ही सफेदी आपण आता सणाची सजावट समजतो. मुळात तो दुरुस्तीचा शेवटचा हात होता. पातळ चुना केसाएवढ्या भेगांत शिरतो, हवेतला कर्बवायू घेऊन पुन्हा दगड होतो आणि भेग बुजवतो. पावसाने वर्षभरात तो थोडा धुऊन नेला तरी बिघडत नाही, कारण पुढची दिवाळी आहेच. सणाने माणसाला वर्षातून एकदा शिडीवर चढवले आणि भिंतीच्या प्रत्येक हातावर डोळा फिरवायला लावले. प्लॅस्टिक पेंट आल्यावर रंगकाम पाच-सात वर्षांनी होऊ लागले, आणि मधल्या वर्षांत भिंतीकडे बघणारे कुणी उरले नाही. विटा-चुन्याच्या कामापेक्षा ही बघण्याची सवय गेली, हे नुकसान मला मोठे वाटते.

आणि नेमक्या याच काळात पूर आले. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २००५ चा पूर आमच्या पिढीला मोठा वाटला होता. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेस, जामदार क्लबचा परिसर, शहराबाहेर चिखली आणि आंबेवाडी : पाणी कुठे आधी येते हे कोल्हापूरकराला पाठ आहे. पण पाणी ओसरल्यानंतर भिंतीत काय राहते याची यादी कुणी करत नाही. पुरात आठवडाभर उभी असलेली विटेची भिंत पोटापर्यंत भिजते. तिची कातडी चुन्याची असेल तर ती काही महिन्यांत वाळते. सिमेंटची असेल तर दोन पूर मध्ये दोन वर्षे ठेवूनही ती वाळत नाही. २०१९ ची ओल आतच होती आणि २०२१ ची तिच्यात मिसळली, असे आमच्या भिंतीपुरते मला आता वाटते. अशा भिंती पाहून घर धोकादायक ठरते, मग घर उतरवायचे ठरते, आणि एका चांगल्या घराचा निकाल त्याच्या सर्वांत वाईट दुरुस्तीवरून लागतो. पुरानंतर आमच्या पेठेतली किती घरे अशी उतरली ते मी पाहिले आहे. त्यांतली काही खरोखरच मोडकळीला आली होती. सगळी नव्हती.

आम्ही भिंत ठेवली. काम कसे झाले ते थोडे सांगतो, कारण विचारणारे बरेच भेटतात. उन्हाळ्याच्या तोंडाला जोत्यापासून छातीपर्यंतचा सगळा सिमेंट गिलावा हलक्या छिन्नीने उतरवला. मशीन लावू दिले नाही, धक्क्याने चांगल्या विटाही हलतात. मग पावसापर्यंत भिंत उघडी. रोज पांढरा लोणा फुलायचा, तो कोरड्या कुंच्याने झाडून पाटीत भरून लांब टाकायचा. पाण्याने धुवायचा नाही, धुतला की तो विरघळून परत आत जातो. शेजारच्यांना वाटले की आमचे पैसे संपले. पावसात भिंतीवर पत्र्याची पडवी धरली आणि दसऱ्यानंतर खरे काम काढले.

दरजा इंचभर खोल उकरल्या. पुरत्या मेलेल्या विटा एकेक करून काढल्या, शेजारशेजारच्या दोन कधीच एका दिवशी नाही. काहींची फक्त बाहेरची बाजू गेली होती. गवंडीबुवांनी त्या काढून उलट्या करून बसवल्या, आतले अस्पर्श तोंड बाहेर. शंभर वर्षे अंधारात राहिलेल्या त्या विटेचा रंग शेजारच्या विटांपेक्षा अजूनही उजळ दिसतो. जिथे वीट नवीच हवी होती तिथे अडचण आली. आजची वीट मापाने वेगळी आणि जुन्या भिंतीच्या मानाने कडक. नदीकाठच्या गाळाची, कुंभाराच्या आव्यात मंद भाजलेली ती जुनी वीट आता कुणी पाडत नाही. शेवटी दुसऱ्या पेठेत उतरवलेल्या एका घराच्या विटा मिळाल्या. त्या पाण्यात भिजवून, वाजवून, निवडून घेतल्या. दुसऱ्या घराच्या विटा आपल्या भिंतीत घालताना जरा विचित्र वाटले, पण सातवाहनांपासून विटेचा प्रवास असाच चालत आलेला आहे. जुने घर पडते आणि त्याची वीट दुसऱ्यात जाते.

चुना तयार मिळाला तो रंगाच्या दुकानातला, दरजेला तो चालत नाही. कळी आणून, टाकीत विरवून, तीन आठवडे मुरवावी लागली. चुना एक, वाळू दोन, सुरखी एक. सुरखी आमच्याच मेलेल्या विटा कुटून केली. गूळ घातला, हिरड्याचे पाणी घातले. हिरड्याने काय होते हे गवंडीबुवांना विचारले तर आमच्या आज्याने घातला होता म्हणाले. भरलेल्या दरजांवर आठ दिवस ओले गोणपाट. बाहेरून चुन्याचाच पातळ गिलावा, तो काही वर्षांनी क्षार पिऊन गळेल हे गृहीत धरून. गवंडीबुवांच्या हाताखाली त्यांचा नातू होता. तो एरवी टाइल्स बसवतो. त्याला या कामाचा रोज टाइल्सच्या रोजाच्या निम्मा पडला असता, म्हणून आम्ही फरक भरला. हा हिशेब घरमालकाला परवडत नाही तोवर हे काम कुणी शिकणार नाही, हेही खरे.

भिंतीचा एकच तुकडा राहिला. विजेच्या मीटरची पेटी जिथे आहे तिथला हातभर चौकोन. पेटी हलवायला परवानगी लागते, ती अजून आलेली नाही, त्यामुळे तिच्याभोवतीचे सिमेंट तसेच आहे. या पावसाळ्यानंतर शिडी लावून पाहिले. पेटीच्या डाव्या अंगाला गिलावा बोटभर फुगला आहे, ठोकला की पोकळ वाजतो. त्याच्या कडेला लागून असलेल्या चुन्याच्या दरजेवर पांढरा लोणा फुलला होता. तो झाडून घेतला आणि उरलेल्या चुन्यात पाणी घालून सफेदीचा एक हात दिला.